निळ्यातून बाहेर काढा

लिंदाउरा : काम वाईट आहे असं मी म्हणतच नाही, मास्तर. कोट झकास शिवलाय त्याला. टाय तर आमच्या सात पिढ्यांत कोणी बांधला नसेल. पण माझा पोरगा मेलेला नाही.

आब्दोराल : मेलाय असं कोण म्हणतं?

लिंदाउरा : तुमची तसबीर म्हणते. आणि तिच्याकडे बघून आता अख्खं गाव म्हणतं.

आब्दोराल : आणा इकडे. जरा दाराशी, उजेडात धरा, माझ्या डोळ्यांना हल्ली सगळंच धुरकट दिसतं. हं. काम माझंच. अशी कॉलर आमच्या जुआझेइरो शहरात दुसरं कोणी काढत नाही. आणि मागे हा निळा... अरे देवा.

लिंदाउरा : आता आठवला देव!

आब्दोराल : ओरडू नका, बाई, बसा. लोकांचे मूळ फोटो मी फेकत नाही. नाव काय पोराचं?

लिंदाउरा : एरिवाल्दो. घरात वाल्दो. तुमचा तो फिरता माणूस, फेइतोझा, दारोदार जुने फोटो गोळा करत आला होता. चहाटळ मेला. म्हणाला, आई, हा बोटाएवढा फोटो द्या, भिंतभर तसबीर करून आणतो.

आब्दोराल : हे बघा, सापडलं पाकीट. आणि ही फेइतोझाची चिठ्ठी. 'डोळे मिटलेले आहेत, उघडणे. कोट घालणे. आईला घाई नाही.' बास, एवढंच लिहिलंय. आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

लिंदाउरा : काय समजायचं म्हणजे?

आब्दोराल : बाई, तुम्ही काय काल जन्मलात? मिटल्या डोळ्यांचा फोटो आपल्याकडे कुठे काढतात? शवपेटीत. जन्मभर ज्याला कोणी कॅमेऱ्यापुढे उभं केलं नाही, त्याचा पहिला न् शेवटचा फोटो तोच. आठवड्याला चार-पाच येतात माझ्याकडे. डोळे उघडायचे, कोट चढवायचा, मागे आकाश द्यायचं. हात आपला आपण चालतो.

लिंदाउरा : हात चालला आणि माझं पोर वर गेलं. अहो, फोटोवाल्याने झगझगाट केला तेव्हा त्याने डोळे मिचकावले, एवढंच झालं होतं! साओ पाउलोला निघायचं म्हणून कामाच्या कार्डासाठी काढलेले फोटो ते. चार निघाले. चांगले तीन तो घेऊन गेला. मिटल्या डोळ्यांचा कोणी घेईना, तो मला ठेवला.

आब्दोराल : किती वर्षं झाली?

लिंदाउरा : बावीस. अठराचा होता.

आब्दोराल : आणि खबर?

लिंदाउरा : पहिली आठ वर्षं फोन यायचा. औषधाच्या दुकानात. दुकानदार पोरीला धाडायचा, मी पिठाचे हात तसेच घेऊन धावायची. मग दुकान बंद पडलं. का फोन आधी बंद पडला, आता आठवत नाही.

आब्दोराल : चौदा वर्षं म्हणजे...

लिंदाउरा : बोलू नका पुढचं. सगळे तिथेच थांबतात आणि असंच तोंड करतात. तुमची तसबीर यायच्या आधी नव्हते करत, हे लक्षात घ्या.

आब्दोराल : तसबिरीने काय केलं?

लिंदाउरा : भिंतीवर टांगली. पहिल्या दिवशी शेजारी आला, त्याने टोपी काढली. दुसरा आला, त्याने छातीवर क्रूसाची खूण केली. तिसरीने कॉफी न् केक आणला, जसा सुतकाच्या घरी नेतात. मी म्हटलं, बाई, वेडी का खुळी? ती माझी पाठ थोपटते! पूर्वी बाजारात चार माणसं तरी विचारायची, 'काय लिंदाउरा, वाल्दोचं काही कळलं का?' मी म्हणायची, कळेल. तेवढंच बोलणं व्हायचं दिवसाचं. नवरा गेल्यापासून घरात मी आणि तीन शेळ्या. आता कोणी विचारत नाही. मेलेल्याचं काय विचारायचं! चार महिने झाले, त्याचं नाव माझ्या कानावर पडलेलं नाही.

आब्दोराल : माझं चुकलं, बाई.

लिंदाउरा : चुकलं तर चुकलं. ते सुधारता येतं का, तेवढं सांगा. गावाहून आम्ही ज्या ट्रकने यात्रेला आलो, त्याची पुढारी माझी नणंद नेविन्या. उद्या मृतांचा दिवस. गावातल्या मेलेल्यांची यादी तिच्या पिशवीत आहे, चार वाजता चर्चमध्ये देणार, पहाटेच्या प्रार्थनेत वाचायला. त्या यादीत वाल्दो आहे. सातवा. मी भांडले. ती म्हणते, 'वहिनी, तुझ्या भिंतीवर तूच टांगलंस ना त्याला आकाशात?' मी म्हटलं, थांब, जिथून आकाश आलं तिथूनच ते काढून आणते.

आब्दोराल : आत्ता पावणेदोन.

लिंदाउरा : म्हणून तर बसायला वेळ नाही म्हणते. करा काय ते.

आब्दोराल : बसावं लागेल. या, इथे स्टुलावर, कॉम्प्युटरजवळ. पूर्वी ब्रशने करायचो तेव्हा आठवडा लागायचा. साठीत हे यंत्र शिकलो, भाच्याच्या शिव्या खाऊन. हे बघा. हा निळा उचलला. गेला.

लिंदाउरा : आता मागे काहीच नाही.

आब्दोराल : तेच तर अवघड आहे. मेलेल्याचं सोपं असतं, सगळ्यांना एकच आकाश पुरतं. जिवंत माणूस कुठेतरी उभा असतो. तुमचा कुठे उभा आहे?

लिंदाउरा : मला काय माहीत?

आब्दोराल : भिंत देऊ? विटांची?

लिंदाउरा : बांधकामावर होता. विटा त्याने जन्मभर बघितल्या असतील, आता भिंतीवरही विटा नकोत.

आब्दोराल : झाडं? समुद्र? लोक समुद्र फार मागतात. ज्यांनी पाहिला नाही तेच जास्त.

लिंदाउरा : दार द्या. एक साधं दार.

आब्दोराल : आत येतोय की बाहेर निघालाय?

लिंदाउरा : ते तुम्ही ठरवू नका.

आब्दोराल : बरं. हे झालं दार. आता तोंड. मेलेल्याच्या डोळ्यांत मी चमक अगदी मधोमध ठेवतो, म्हणजे तो कोणाकडेच बघत नाही. जिवंताची चमक एका कडेला, जिकडून उजेड येतो तिकडे. अशी. आणि हनुवटीखाली सावली. स्वर्गात सावली नसते, म्हणून मी पुसली होती. बघा, आता मान धडाला लागली.

लिंदाउरा : अगं बाई! श्वास घेतल्यासारखा वाटतो.

आब्दोराल : थोडं हसवू? ओठांची टोकं केसभर वर केली की झालं.

लिंदाउरा : नको.

आब्दोराल : का? जिवंत माणूस हसतो.

लिंदाउरा : हसत असेल तर घरी का येत नाही?

आब्दोराल : मग गंभीर ठेवतो. जरा उदास. रंग थोडे उतरवले, निळसर केले की...

लिंदाउरा : उदास केलात तर मला झोप लागायची नाही. रोज रात्री समोर असणार तो. त्याला काय झालं, कोणी मारलं, का उपाशी आहे, तेच डोक्यात.

आब्दोराल : हसरा नको, उदास नको. मग चेहऱ्यावर ठेवू तरी काय, बाई? पेच टाकलात.

लिंदाउरा : दमलेला करा.

आब्दोराल : दमलेला?

लिंदाउरा : कामावरून आत्ताच आलेला. बूट काढायचं त्राण नाही, असा. दमलेला माणूस पत्र लिहीत नाही, मास्तर. म्हणतो, उद्या लिहू. त्यात कोणाचा दोष नसतो.

आब्दोराल : ...बरोबर आहे. दमलेलाच करू. चाळीस वर्षं हे काम करतो, लोकांनी राजा मागितला, डॉक्टर मागितला, नवरीशेजारी पळून गेलेला नवरा मागितला. दमलेला कोणी मागितला नव्हता. मग हा कोट काढूया आधी. एवढ्या उन्हात कोटाने माणूस दमत नाही, गुदमरतो.

लिंदाउरा : कोट चांगला होता पण.

आब्दोराल : असू दे, सदरा देतो. वरचं बटण उघडं. डोळ्यांखाली थोडा अंधार. आणि उजेड संध्याकाळचा करतो, पिवळा, तिरपा. दुपारच्या उजेडात दमलेला माणूस आजारी दिसतो, संध्याकाळच्या उजेडात तो घरचा वाटतो.

लिंदाउरा : एवढं कुठे शिकलात?

आब्दोराल : घरीच. बायको गेल्यावर मी तिला सात वेळा रंगवलं. तिला निळा दिला नाही मी. स्वयंपाकघराची भिंत दिली, तिच्या चुलीमागची, काजळी धरलेली. आत लावलीय. सकाळी कॉफी करताना ती माझ्या पाठीमागे असते.

लिंदाउरा : आणि?

आब्दोराल : आणि काय! मी वळत नाही. वळलं की भिंतच दिसते. तुम्ही कॉफी घेता?

लिंदाउरा : काम संपल्यावर. गूळ आणलाय मी गावचा, त्याच्याबरोबर घेऊ. पण मास्तर, दमलेला झाला खरा, तरी काहीतरी खटकतंय. पोर दमलंय असं वाटतं. शाळेतून आलेलं.

आब्दोराल : अठराचा आहे तो, म्हणून. बाई, एक सांगू? राग धरू नका. नुसतं आकाश काढून तुमची नणंद ऐकायची नाही. वय न वाढणारे ते फक्त मेलेले. बावीस वर्षं जो अठराचाच राहिला, त्याला कोणीही यादीतच घालणार.

लिंदाउरा : म्हणजे म्हातारा करता त्याला?

आब्दोराल : म्हातारा कसला, चाळिशीचा. करू?

लिंदाउरा : ...करा.

आब्दोराल : तुम्ही सांगा, मी करतो. केस?

लिंदाउरा : बाप पस्तिशीतच टकला झाला होता. पण वाल्दो माझ्या भावावर गेला. पुढून थोडे मागे घ्या. कानाजवळ पांढरे. फार नको.

आब्दोराल : अंग?

लिंदाउरा : मान जाड होते आमच्याकडे. आणि इथे, नाकापासून तोंडापर्यंत, रेघ येते. माझी बघा, तशी.

आब्दोराल : या खिडकीकडे तोंड करून बसा. हलू नका. तुमच्या तोंडावरून घेतो.

(आब्दोराल तिच्याकडे बघत बघत पडद्यावर रेघा ओढतो. रस्त्यावरून यात्रेकरूंचं गाणं येतं आणि लांब जातं.)

आब्दोराल : या. बघा आता.

लिंदाउरा : ...हा कोण?

आब्दोराल : तुमचा मुलगा.

लिंदाउरा : नाही. म्हणजे... नाक माझं आहे. रेघही माझीच. पण मास्तर, ह्या बाप्याला मी कधी जेवायला वाढलेलं नाही.

आब्दोराल : नको असेल तर पहिला परत आणतो. एका बोटाचं काम. तो राहू दे का?

लिंदाउरा : थांबा. हात लावू नका. बघू द्या मला. मिशी ठेवली असेल का त्याने?

आब्दोराल : ठेवू?

लिंदाउरा : नको, उगाच आपलं विचारलं. असा दिसत असेल होय? असा रुंद! दारातून आला असता तर मी विचारलं असतं, कोण पाहिजे आपल्याला?

आब्दोराल : रडू नका, बाई.

लिंदाउरा : रडू द्या हो. चार महिने सगळे मला रडायला सांगत होते, तेव्हा एक थेंब आला नाही. तेव्हा खोटं वाटायचं. छापा हा.

आब्दोराल : नक्की?

लिंदाउरा : छापा. नेविन्यापुढे धरते आणि म्हणते, हे घे, तुझ्या यादीतला सातवा कसा टकला व्हायला लागलाय बघ. मेलेल्याचे केस गळतात का विचारते तिला. बघू काय बोलते. तोंड बंद होईल टवळीचं.

आब्दोराल : यंत्र घरघरतंय तोवर कॉफी ओततो. तीनच वाजलेत. चर्च दोन गल्ल्या पलीकडे, वेळेत पोचाल. पण फ्रेम जुनीच घालतो, हं? नवी करायला उद्या उजाडेल.

लिंदाउरा : जुनी चालेल. आणि मास्तर, एक बारकी प्रत पण काढून द्या. मुठीत मावेल एवढी.

आब्दोराल : देतो की. देवघरात ठेवायला?

लिंदाउरा : नाही. बावीस वर्षं दर सणाला इथे येते मी. लोक म्हणतात, लिंदाउराची भक्ती मोठी. कसली भक्ती! साओ पाउलोहून गाड्या भरून माणसं येतात ना, म्हणून येते. चर्चच्या पायऱ्यांवर बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघते.

आब्दोराल : काही दिसलं कधी?

लिंदाउरा : कसं दिसणार? पोरांचीच बघत होते, मास्तर. अठरा-अठरा वर्षांच्या पोरांची.