मशीनला लावलेलं कुंकू

मी बद्रीनाथ पुंजाराम सोनवणे, वय ४१ वर्षे, व्यवसाय चहाच्या दुकानाचा मालक, रा. रांजणगाव, वाळूज, मूळ गाव देवगाव रंगारी, ता. कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर. आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर आई भागूबाईसोबत राहतो. पूर्वी वाळूजला एका कारखान्यात प्रेस मशीनवर कायम कामगार होतो. दुसऱ्याच्या भोंग्यावर किती वर्षं उठायचं-बसायचं, म्हणून नोकरी सोडली आणि मागील वर्षी पुण्याच्या एका चहा कंपनीची फ्रँचायझी घेतली. गाळा मी भाड्याने घेतलेला आहे. बोर्ड, चहाचं मशीन, मसाला आणि कॅमेरा कंपनीचा. "आता तुम्ही मालक," असं कंपनीचे विभागीय अधिकारी ऋषिकेश साळवी उद्घाटनाला हार घालताना सर्वांसमक्ष म्हणाले होते. म्हणून वर मालक असं लिहायला लावलं आहे.

मालकाने काय करायचं नाही, ते मात्र कंपनी पुण्यात बसून कॅमेऱ्यात बघते आणि सांगते. आलं जास्त घातलं, आला फोन. शिफ्टच्या कामगारांना काचेच्या ग्लासात चहा दिला, आला फोन. मी ऐकत आलो. अडला हरी, दुसरं काय.

खंडेनवमीला, दि. २३/१०/२०२३ रोजी, आईने मशीनला हळद-कुंकू लावून झेंडूची माळ घातली. मी नारळ फोडला. पाणी मशीनवर उडालं हे खरं आहे. मशीन बंद पडलं नाही. लगेच साळवींचा फोन आला की मशीन कंपनीच्या मालकीचं आहे, त्याला काही लावणं करारात बसत नाही, ताबडतोब पुसा. आई म्हणाली, "जे भाकर देतं त्याला कुंकू बी लावायचं नाय व्हय? मी नाय पुसणार." मीही पुसलं नाही.

कारखान्यात दर खंडेनवमीला आम्ही प्रेस मशीनची अशीच पूजा करायचो. मशीन शेठचं होतं, तरी शेठ स्वतः पेढे वाटायचे. कामगार होतो तेव्हा चाललं आणि मालक झाल्यावर चालत नाही, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. याचा मला संताप आहे, तो लिहून घ्यावा.

दि. २५ रोजी दुपारी मी दूध आणायला गेलो असता साळवी दोन माणसं घेऊन आले. नियम मोडला म्हणून त्यांनी शटर ओढून कंपनीचं कुलूप लावलं. आई मशीनमागे खाली बसून आलं सोलत होती. तिला कमी ऐकू येतं, दमाही आहे. ती उठेपर्यंत शटर पडून आत अंधार झाला होता. त्यांनी आत डोकावलं नाही. कॅमेरा चालू होता. त्यात कुंकू दिसलं, माझी आई दिसली नाही.

शेजारचे पंक्चरवाले मुबारक शेख यांना शटर आतून वाजताना ऐकू आलं. त्यांनी मला फोन केला. मी आल्यावर त्यांच्या ग्राइंडरने कुलूप कापलं. आई घामाने भिजलेली होती, तिला बोलता येत नव्हतं. हातात आलं तसंच होतं. आता कंपनीने उलट माझ्यावरच तक्रार दिली आहे की मी त्यांचं कुलूप तोडून त्यांच्या दुकानात घुसलो. चोराच्या उलट्या बोंबा.

मुबारकभाई तापले होते. मला म्हणाले, "बद्रीभाई, मशीन उनकी, बोर्ड उनका, ताला बी उनका. फिर तुम कायके मालिक?"

आईला कोंडल्याबद्दल माझी साळवी व त्यांच्यासोबतच्या दोघांविरुद्ध तक्रार आहे.

हा जबाब मी सांगितला तसा संगणकावर उतरवला आहे. मला मराठीत वाचून दाखवला, तो बरोबर आहे. फक्त वर व्यवसायात मालक लिहिलं आहे, तेवढं काढावं. त्या जागी काय लिहायचं, असं साहेबांनी विचारलं. छापील प्रतीवर तो शब्द पेनाने खोडून ती जागा मोकळी ठेवली आहे.