तापलेली गाडी बंद करायची नसते

...आणि वर मलाच म्हणतो, "थंड झाली की होते सुरू!" अरे होते, पण इथे टेक्सासातल्या प्लेनोत जुलैमध्ये तापलेली वस्तू थंड व्हायला नोव्हेंबर उजाडावा लागतो, त्याचं काय? तुम्हाला सांगतो, हा आमचा शंतनू मूळ नागपूरचा, त्यामुळे ऊन या विषयात त्याला कुणी शिकवायचं नाही. गाडी अठरा वर्षांची. सकाळी एका चावीत सुरू, पण दुपारी तापल्यावर बंद केली की तासभर नुसती कण्हायची.

मग काय, इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सगळेच डॉक्टर! अतुल म्हणे, "बॅटरी रे, डोळे झाकून सांगतो." बदलली. शोभाकाकू म्हणे, "पेट्रोलच्या टाकीवर ओला टॉवेल टाक, आमचे हे तेच करायचे." टाकला. टॉवेल वाळला, गाडी ढिम्म. गॅरेजात न्यावी, तर सकाळच्या गारव्यात शहाण्या मुलीसारखी सुरू! शेवटी मेकॅनिकनं इंजिनाच्या एका सेन्सरवर हेअर ड्रायर धरला आणि चालू इंजिन खटकन बंद पडलं. सापडला चोर. "पार्ट परवा येईल, तोवर गरम गाडी बंद करू नकोस," त्यानं बजावलं. तर हा त्यालाही सांगतो, "थंड झाली की होते सुरू."

आता ऐका. याची नोकरी गेलेली. व्हिसावाल्याला नोकरी गेली की साठ दिवस मिळतात, दुसरी शोधा नाहीतर गाशा गुंडाळा. त्रेपन्नाव्या दिवशी, म्हणजे गॅरेजच्या दुसऱ्याच दिवशी, दुपारी दोनला शेवटचा इंटरव्ह्यू, समोरासमोर, नोकरी जवळपास हातात. लेक अनिका म्हणाली, "बाबा, जस्ट टेक अ कॅब." पण दारात गाडी असताना कॅब? निघाला. वाटेत रेल्वेचं फाटक पडलं. मालगाडीचे डबे संपता संपेनात. आणि तुम्हाला सांगतो, ज्याचे वडील लाल सिग्नल दिसला की पेट्रोल जळतं म्हणून स्कूटर बंद करायचे, त्याचा हात... गेला की हो चावीकडे! डोक्याला विचारलंच नाही, हातानं परस्पर गाडी बंद करून टाकली.

फाटक उघडलं. मागून हॉर्नवर हॉर्न. हा बॉनेट उघडून पुठ्ठ्यानं वारा घालतोय, इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलाय. कॅब बोलावली, तर ती त्याच रांगेत मागे अडकलेली. ऑफिसात फोन लावला, तर तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, "नो वरीज." इथे आवाज असा गोड झाला की समजायचं, संपलं. तीन वाजता गाडी थंड झाली. झाली सुरू. नोकरी दुसऱ्याला गेली, आणि उरलेल्या सात दिवसांत तिसरी कुठून आणणार?

पार्ट मात्र सांगितल्या दिवशी आला, बसला. गाडी शंतनू मलाच देऊन गेला. शनिवारी भर दुपारी त्याला, रीमावहिनींना आणि अनिकाला तिच्यातूनच एअरपोर्टला सोडलं. पोर इथेच जन्मलेली, नागपूर तिनं फक्त आजीच्या व्हिडिओ कॉलमध्ये पाहिलेलं. मला फार वाईट वाटलं हो. मी मुद्दाम दोनदा गाडी बंद करून पाहिली.

दोन्ही वेळा लगेच सुरू झाली.