सईची पांढरी पाच

मी मूळची कुरुंदवाडची. नाव शहनाज, पण ह्या पेठेत सगळी मला पेटीच्या बाई म्हणत्यात. आमचे अब्बा शिवणकाम करायचे आन गुरुवारी दत्ताच्या भजनाला पेटी धरायचे, मुसलमान माणूस भजनाला कसा म्हणून तिकडं कुणी विचारलं न्हाई, उलट अब्बा गेले न्हाईत तर टाळ घेतलेली माणसं आमच्या दारात यायची, चला मास्तर, तुमच्याबिगर आवाजच चढंना झालाय. मी शेंडेफळ, मला मांडीवर घेऊन त्येंनी माझी बोटं पट्ट्यांवर ठेवली. मग लगीन झालं आन मी कोल्हापुरात आलो. हसू नका ताई, तुम्ही पुण्याच्या, बाई आसून आलो कसं म्हणती असं वाटत असंल तुम्हाला, पण आमच्याकडं बायका आलो-गेलोच म्हणत्यात, लिवताना ते सुधारत बसू नका.

मालक एसटीच्या डेपोत फिटर हुते, ते जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगा इचलकरंजीला लूमवर जॉबर हाय, माग दुरुस्त करतो, बायकापोरं घेऊन तिकडंच ऱ्हातो. मी ह्याच खोलीत दर रविवारी सकाळी पोरं शिकवतो. काय सांगू तुम्हाला, शिकवणं म्हंजे रविवारचा तास न्हवं. तासाला पोरगं माझ्याम्होरं बसतंय, माझ्या धाकानं बरोबरच गातंय. खरं गाणं हुतंय ते सोमवार ते शनिवार, घरात, आई भाकऱ्या थापत असती आन पोरगं कोपऱ्यात सा लावून बसतंय तवा. म्हणून मी हरएकाला आठवड्याचं काम लावून देतो, ह्या आठवड्यात नुस्ता सा, म्होरल्या आठवड्यात सा रे ग, दमानं, ताणायचं न्हाई. आन हरएकाची पट्टी ठरवून देतो. पट्टी म्हंजे पेटीवरचं ते घर, जिथनं त्या गळ्याचा सा निघतो. कुणाची काळी तीन, कुणाची पांढरी पाच, ज्याचा त्याचा गळा. बारक्या पोरांच्या ध्यानात ऱ्हात न्हाई, म्हणून मी त्यांच्या घरी जाऊन पेटीच्या त्या पट्टीवर एक टिकली चिकटवून येतो. मी काय टिकली लावत न्हाई, पण माझ्या घरात टिकल्यांचं पाकीट कायम असतंय.

आता आयांचं सांगतो. तास चालू असताना त्या बाहेर पायरीवर बसत्यात, आन बसून काय करायचं, तर बोलायचं. तिथं कुठनं हे खूळ आलं मला ठावं न्हाई, पण पट्टी म्हंजे त्यांना परीक्षेतले मार्क वाटत्यात. आमची काळी पाचात गाती, तुमची कितीत? अजून पांढरी पाचातच? आगं बया. जेवढी पट्टी वर तेवढं पोरगं हुशार. मी सांगून सांगून दमलो की बायांनो, चपलेचा नंबर मोठा म्हणून माणूस मोठं हुत न्हाई, पोराच्या पायाला जी बसती ती त्याची. मान डोलवत्यात, आन मी आत वळलो की पुन्हा तेच.

त्या पायरीवर सुवर्णा बसायची. गडहिंग्लजची पोरगी, नवरा एसटीत कंडक्टर, म्हणून वळखपाळख. बोलायला कमी, दुसऱ्या बायका बोलायला लागल्या की पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायची. तिची लेक सई. ती पहिल्यांदा आली तवा सात वर्षांची हुती, मी म्हटलं लाव बघू सा, आन त्या पोरीनं लावला. ताई, मी आयुष्यात स्टेजवर गायलो न्हाई, माझा गळा तेवढा न्हवताच, अब्बा बी म्हणायचे, तुझी बोटं चांगली, गळ्याचं राहू दे. पण कान हायत मला. एवढी पोरं शिकवली, चांगली बी गायली त्यातली, पण तसला आवाज एकदाच आला माझ्या दारात. जोर न्हाई, काय न्हाई, नुस्ता सरळ. मी त्या दिवशी ती गेल्यावर रडलो, खोटं कशाला बोलू, आनंदानंच रडलो. मला वाटलं, ह्यासाठी अब्बांनी माझी बोटं धरली हुती.

चार वर्षं ती पांढरी पाचात वाढली. मग टीव्हीवरच्या पोरांच्या स्पर्धेचं खूळ निघालं, पुण्याला निवड हुती. पायरीवर ठरलं सगळं, मला शेवटी कळलं. मी न्हाई म्हटलं न्हाई, जाऊ दे की, पण जी पट्टी हाय त्याच पट्टीत गाऊ दे म्हटलं. सुवर्णा व्हय बाई म्हणाली.

त्यानंतर पोरीचा आवाज बसायला लागला. रविवारी आली की खरखर. मी म्हणायचो, चिंचा खाल्ल्यास का, गार पाणी पिलीस का, ती मान हलवायची, न्हाई. ज्येष्ठमध दिला, मिठाच्या गुळण्या सांगितल्या, आठवड्याचं काम निम्मं केलं. तरी म्होरल्या रविवारी आणखी वाईट. मी विचारायचो घरी किती गातीस, ती म्हणायची तुम्ही सांगितलंय तेवढंच, आन खाली बघायची. आईनं शपथ घातलेली, ते मला मागनं कळलं.

ईद झाली. मी दरवर्षी शीरखुर्मा घेऊन पोरांच्या घरी जातो, तसा सुवर्णाकडं गेलो. ती आत डबा रिकामा करायला गेली. कोपऱ्यात पेटी हुती, उघडीच, शेजारी मोबाईल आन तो काळा डबा स्पीकरचा. आन माझं ध्यान गेलं. टिकली पांढरी पाचवर न्हवती. काळी पाचवर हुती. तीन घरं वर. पांढरी पाचवर नुस्ता गोंदाचा डाग राहिला हुता.

मी डबा घ्यायचा बी विसरलो. सुवर्णाला म्हटलं हे काय. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, बाई, स्पर्धेच्या गाण्याचा वाजंत्रीचा ट्रॅक मोबाईलवर हाच मिळतोय, मोठ्या बाईच्या पट्टीतला, आन सगळी पोरं वरच्या पट्टीत गात्यात, माझीच का खाली. मी म्हटलं, तू रोज ह्या पोरीचा गळा कापायला लागलीस. तसंच म्हटलं, तोंडावर. ती बी पेटली. म्हणाली, बाई, तुम्हाला ती तुमच्या खोलीतच पाहिजे, ती म्होरं गेलेली तुम्हाला बघवणार न्हाई. सई दारात उभी हुती, दोघींकडं बघत. म्होरल्या रविवारी ती आली न्हाई. त्याच्या म्होरल्या रविवारी बी न्हाई. मी पोरं शिकवायचो आन कान पायरीकडं. निरोप धाडले, सुवर्णाच्या नवऱ्याला स्टँडवर गाठलं, पाया पडायचं तेवढं राहिलं. तो बिचारा म्हणाला, बाई, घरात तिचंच चालतंय.

पुण्याला काय झालं ते मी बघितलं न्हाई. सुवर्णाच्या नवऱ्यानं सांगितलं. रात्रभर प्रवास, सकाळपासनं रांग, अंगात कणकण, आन अंतऱ्याला वर जायच्या जागी पोरीनं तोंड उघडलं आन आवाजच आला न्हाई. नुस्तं वारं. निवड करायला बसलेल्या माणसानं माईकवर थँक्यू बेटा म्हटलं. येताना गाडीत ती आईला काय तरी सांगायला गेली, तर ते बी आलं न्हाई.

डॉक्टरनं नळी घालून बघितलं. आवाजाच्या पडद्यांवर गाठी धरल्यात म्हणाला, हाताला घट्टे पडत्यात तशा. बोलायचं न्हाई, कुजबुजायचं तर अजिबात न्हाई. कदाचित विरतील, कदाचित ऑपरेशन, आन त्यानंतर आवाज कसा येईल ते आता सांगता येत न्हाई. सुवर्णा त्याच दिवशी माझ्याकडं आली, उन्हातनं चालत, पायात चप्पल न्हाई. माझे पाय धरायला लागली. मी तिला उठवलं, पण खरं सांगू का ताई, मनानं तिला माफ केलं न्हाई. अजून बी पुरतं केलेलं न्हाई. पेठेत तर माझ्यावरच आलं, बाईंनी पोरीचा गळा घालवला म्हणून, निम्मी पोरं कमी झाली. त्याचं मला काय न्हाई. पण मी रातच्याला पडलो की तो सात वर्षांचा सा माझ्या कानात येतो, आन मला झोप न्हाई. आवाज गेला तर पुन्हा शिकवता येत न्हाई, बाकी सगळं शिकवता येतंय.

तरी मी म्हटलं, रविवारी पाठव तिला. गाणार न्हाई, नुस्ती बसंल. ती येती. पेटी वाजवती, बारक्यांना बोटं दाखवती, कुणाला बोलवायचं असलं की टाळी वाजवती. शाळेत बी हजेरीला हात वर करती. बारा वर्षांची पोरगी, पण हसताना सुद्धा तोंडावर हात धरती, आवाज निघंल म्हणून. मी तिच्याकडं बघतो आन मला वाटतं आपण हे शिकवायचं बंद करून इचलकरंजीला पोराकडं जाऊन पडावं. पण ती येती ना. मग जाऊ कसं?

मागच्या रविवारची गोष्ट. डॉक्टरनं सांगितलेलं, आता हळूच बघायला हरकत न्हाई, खालच्या आवाजात, जरासंच. सुवर्णानं तिला दारात सोडलं आन बाजाराला गेली. माझं बोट पट्टीवर जाईना. भात्यात हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. शेवटी सईनंच माझं बोट धरलं आन लई खालच्या पट्टीवर ठेवलं, आन सा लावला. ताई, तो तिचा आवाज न्हवता. जाडा, फाटका, निम्मं वारं. मधीच तुटला. तिनं पुन्हा लावला. सूर मात्र बरोबर, तसूभर हललेला न्हाई. मी म्हटलं छान, लई छान, ह्या आठवड्याला एवढंच, आन तोंड पदरानं पुसलं.

तेवढ्यात सुवर्णा पिशवी घेऊन पायरीवर आली. बाहेरनंच म्हणाली, बाई, आत्ता गायली ती नवीन पोरगी काय, कुणाची हाय?

सई पेटीपाशीच, दाराआड बसलेली. माझ्याकडं बघत. मी म्हटलं, तुझीच हाय गं सुवर्णा.

ती पायरीवरच बसली, पिशवीतली वांगी घरंगळत रस्त्यावर गेली, कुणी उचलली न्हाईत. आता मी नमाजाला बसलो की दुसरं काय मागत न्हाई, पहिला आवाज दे म्हणायचं बी सोडून दिलंय. येवढंच म्हणतो, अल्ला, जो उरलाय तो तरी ऱ्हाऊ दे, आन तो तिच्या आईला वळखू येऊ दे.