लेकीचं अंगण

निजामाच्या शाळेतले वसंतराव मास्तर माहूरगडाच्या तटाखाली सावलीला बसले होते. वर तटावर अर्धापूरचे किशनराव आणि त्यांची बायको केवळाबाई बोलत होते.

"अहो, किल्ला सोडून खाली काय बघून राहिलात?"

"गाव बघतोय."

"ते कौलारू घर आपल्या सिंधूचं. व्याह्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार न्हाई, अशी शपथ घेतली न तुमी?"

"शपथ पायाची हाय, डोळ्याची न्हाई."

"पोर अंगणात आली बघा. कमरेवर हात ठेवून चालतीय. दिवस गेलेत तिला."

"मला कुणी सांगितलं न्हाई!"

"कोण सांगणार? भांडण कुणी काढलं?"

थोड्या वेळानं किशनराव एकटेच उतरून मास्तरांपाशी आले.

"पावणं, ते कौलारू घर आमच्या व्याह्याचं. त्याचं दार चुकवून खाली जायला दुसरी वाट हाय का?"

"आहे की, मागच्या दरवाजानं."

"हळू बोला. हिला म्या एकच वाट हाय म्हणून सांगणार हाय."