आतला सेन्सर

(दुपार. चांगवॉनमधला, धातूची पूड लेझरने वितळवून सुटे भाग घडवणारा कारखाना. यंत्रापाशी इंजिनिअर नाम ही-रान आणि तिच्याहून पंचवीस वर्षांनी मोठे फोरमन पे ग्वांग-सू.)

ही-रान: हाही सेन्सर मेला. मीटरवर काहीच नाही.

ग्वांग-सू: जोडणी बघितलीस?

ही-रान: दोनदा. फोरमनसाहेब, हा सहावा. बाराशे थर नीट चढतात. यंत्र थांबवून चाकाच्या पोकळीत सेन्सर ठेवतो, वर धातू चढला की हा गप्प. बुसानच्या गिऱ्हाइकांना पंपाचं हे चाक तापायला लागलं की आधी कळायला हवंय. गेल्या वर्षी न सांगता फुटलं, तेव्हा त्यांचा माणूस शेजारी उभा होता.

ग्वांग-सू: जेवून घे. किंबापचा भात वाळला तुझा.

ही-रान: नको. सकाळी सेन्सरवाल्या बाईंना फोन केला. म्हटलं, तुमचा मालच खराब. त्या म्हणाल्या, प्रत्येक नग मी स्वतः भट्टीत तपासते. मी ऐकूनच घेतलं नाही. आता अहवालातही तेच लिहितेय. त्यांचं काम जाईल, पण मी तरी काय करू?

ग्वांग-सू: नको लिहूस. माल चांगला आहे.

ही-रान: कशावरून?

ग्वांग-सू: ठेवतो कोण? मीच ना, चिमट्यात धरून. हात थरथरतो माझा. मार्चपासून. सेन्सरची तार काठाला घासते, वरचं कवच तडकतं. मग लेझर फिरला की जळून जाते. कालच्या वेळी तर घासल्याचं मला हाताला जाणवलं होतं.

ही-रान: आणि तुम्ही बोलला नाहीत.

ग्वांग-सू: एकतीस वर्षं लोक नाजूक काम माझ्याकडेच घेऊन आले. रोज वाटायचं, आज नाही थरथरणार.

ही-रान: त्या बाईंना मी काय काय बोलले, साहेब.

ग्वांग-सू: नंबर दे. मी सांगतो त्यांना.

ही-रान: डॉक्टरांना दाखवलंत?

ग्वांग-सू: नाही. दाखवलं की त्याला नाव मिळेल.

ही-रान: दाखवा. मी येते बरोबर.

ग्वांग-सू: बघू.

ही-रान: बघू नाही. गुरुवारी.

ग्वांग-सू: बरं. पण सातवा सेन्सर तू ठेवायचास. मी शेजारी बसेन. श्वास सोडताना ठेवायचा, घेताना नाही.

ही-रान: आज नाही जमायचं. दमलेय मी.

ग्वांग-सू: आज नकोच. तू जेव. मी पूड चाळायला घेतो. त्याला हात थरथरला तरी चालतं.