वाघबारशीचा भात

जव्हार संस्थानच्या नाक्यावरचा कारकून जेवायला गेला होता, तो काही लवकर परतेना. चैती आपल्या मोळीला टेकून बसली होती. तिच्या पाठीमागं दोघं बोलत होते, एक तरणा, एक म्हातारा.

"उद्या वाघबारस. रानात येशील ना, लाडक्या?"

"येईन, फागूकाका. घरचे तांदूळही आणीन. पण वाघोबाला हात जोडणार नाय."

"असं बोलू नये रे."

"गेल्या साली नारळ फोडला त्याला. पंधरा दिवसांत माझा भाऊ वाघानं नेला. कशाला जोडू?"

"मग येतोस तरी कशाला?"

"भावाला हुडकायला सगळं गाव काठ्या घेऊन रानात उतरलं होतं. त्या गावाच्या पंगतीत मी बसणारच. कुणी उठवलं तरी उठणार नाय!"

"उठवतंय कोण? तू माझ्यासंगं चुलीशी बस. भात ढवळणाऱ्याचे हात मोकळे नसतात."

"मी लपणार नाय, काका."

चैतीनं मोळीची गाठ उगाच पुन्हा आवळली.

"लपायला कोण सांगतंय? माझी पोर वाघानं नेली, त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून दर साली भात मीच ढवळतो. कधी माझे हात जोडलेले बघितलेस?"