शेव्हेल, जीटीओ आणि कोरीन

रॉस्को : कोरीन, इकडे ये, इकडे! आकडा जुळला! इंजिनावरचा आणि गाडीवरचा, दोन्ही एकच! सत्तर सालची शेव्हेल, कारखान्यातून निघाली तश्शी!

कोरीन : अरे, ओरडू नकोस. इमोजीनबाईंच्या कोंबड्या बिथरल्या.

इमोजीन : ओरडू दे गं. आमचे वॉरेन गेल्यापासून या कोठारात कुणी ओरडलंच नाहीये.

रॉस्को : टायरंसुद्धा पहिलीच! इमोजीनबाई, चालली किती ही?

इमोजीन : दुकानातून घरी आली, तेवढीच.

रॉस्को : एवढ्या वर्षांत? देवा! मला खुर्ची द्या कुणीतरी.

कोरीन : मग आता आपल्या घरी कशी न्यायची?

रॉस्को : ट्रकवर चढवून. असल्या टायरांवर चालवतात होय, वेडे!

कोरीन : म्हणजे गाडीलाच गाडीतून फिरवायचं. आणि ही हिरवी?

रॉस्को : जीटीओ? सोड. अडुसष्टची आहे, दिसते झकास. पण हे बघ, मडगार्डला चुंबक लावतो... पडलं! आत पत्रा कुठाय, नुसती पुट्टी भरलीय.

इमोजीन : तिथं नका लावू. तिथं मी चर्चच्या खांबाला ठोकली होती. धाकटीच्या लग्नाला उशीर होत होता.

रॉस्को : इंजिनही मूळचं नाही.

इमोजीन : मूळचं शर्यतीत फुटलं. पण रेषा ओलांडल्यावर फुटलं हं! जिंकले मीच.

कोरीन : तुम्ही शर्यतीत उतरायचात?

इमोजीन : दर रविवारी. वॉरेन इथं शेव्हेल पुसत बसायचे. मला तिच्या दाराला हात लावायची बंदी. बोटांचे ठसे उमटतात म्हणे.

कोरीन : रॉस्को, ऐकतोयस ना?

रॉस्को : ऐकतोय गं. पण अशी शेव्हेल सापडायला माणसाचा जन्म जातो!

कोरीन : आणि गाडी कुणासाठी घ्यायला आलोय आपण?

रॉस्को : तुझ्यासाठीच की.

कोरीन : आयुष्यभर शाळेची पिवळी बस चालवली मी. रोज तोच रस्ता, तोच गोगलगायीचा वेग. निवृत्त झाले की कोरीनला दांडगी गाडी घेणार, हे सगळ्यांसमोर तूच म्हणालास. तुझी मस्टँग आहेच घरी चादरीखाली. तिच्यात एकदा तरी बसलेय मी? मला दुसरी चादर नकोय, रॉस्को. मला पळायचंय!

इमोजीन : ही घे किल्ली. क्लच जड आहे, पण बस चालवणारीला काय सांगायचं!

रॉस्को : थांबा, थांबा! आधी बॉनेटला हात लावून बघतो. विकणारे गुपचूप इंजिन तापवून ठेवतात, मग गार इंजिनाची कुरकुर कळत नाही.

इमोजीन : बघा की. भाजलं तर सांगा, मलम आहे घरात.

रॉस्को : ...गार आहे.

कोरीन : लावू चालू?

इमोजीन : लाव गं पोरी! आणि तुम्ही काय उभे? बसा तिच्या शेजारी.

(पहिल्याच किल्लीला जीटीओ अशी गरजते की कोठाराच्या पत्र्यावरची धूळ खाली येते. पुढचं बोलणं मक्याच्या शेतांमधल्या सरळसोट रस्त्यावरचं.)

रॉस्को : कोरीन! हळू! कोरीन!

कोरीन : काही ऐकू येत नाही!

रॉस्को : मग तिसऱ्यात टाक! टाक, टाक! आई गं, काय ओढतेय ही!

कोरीन : मी हसतेय की रडतेय रे?

रॉस्को : दोन्ही. समोर बघ.

कोरीन : शेव्हेल हातची गेली तर वाईट वाटेल तुला?

रॉस्को : वाटेल. खूप वाटेल.

कोरीन : परत फिरू या मग? वळण आलंच.

रॉस्को : इथं नको. पुढच्या वळणावरून फिरू.